एक आवाज, दोन रेकॉर्डिंग्ज : मिरजेचे खांसाहेब अब्दुल करीम खां



सांगली-मिरजेकडून कतारला आलेल्यांना मीरासाहेबांच्या दर्ग्याची ओळख करून द्यायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांच्या या दर्ग्याच्या आवारात एका गवयाची कबर आहे. दरवर्षी उरुसाच्या दिवसांत तिथे रात्र-रात्र गाणं चालतं आणि मोठमोठे कलाकार हजेरी लावायला येतात. बिदागीचा हिशेब तिथे कोणी करत नाही. आपली सेवा त्या कबरीपाशी रुजू झाली, एवढंच त्यांना पुरतं.

हे गवई म्हणजे खांसाहेब अब्दुल करीम खां (१८७२–१९३७). गंमत अशी की ते मिरजेचे नव्हते, महाराष्ट्राचेही नव्हते. हजारेक मैलांवरच्या गावातून पोटापाण्यासाठी निघाले, दोन-तीन ठिकाणी बिऱ्हाड केलं आणि शेवटी मिरजेचे झाले. आपण सगळे इथे दोह्यात बसून आपलं गाव नक्की कुठलं याचा अधूनमधून विचार करत असतो, म्हणून हे चरित्र आपल्याला जरा जास्त जवळचं वाटावं.

पण मला ते आणखी एका कारणासाठी सांगायचं आहे. खांसाहेबांचा आवाज दोनदा रेकॉर्ड झाला. पहिल्यांदा १९०५ च्या सुमारास, ऐन तिशीत. आणि दुसऱ्यांदा १९३४ ते १९३६ या काळात, साठी ओलांडल्यावर. मधल्या तीसेक वर्षांत त्यांनी शाळा काढली, घर मांडलं, ते घर मोडलं, मुलांनी बापाचं नावसुद्धा टाकलं. ही दोन रेकॉर्डिंग्ज शेजारी-शेजारी ठेवून ऐकली तर त्या मधल्या वर्षांबद्दल काही कळतं का, हा या लेखाचा प्रश्न आहे.

तुलना कशासाठी?

माझ्या ऑफिसात एक ऑस्ट्रियन सहकारी आहे. पाश्चात्य शास्त्रीय संगीताचं त्याला वेड आहे. त्याच्याकडे गुस्ताव माहलर या संगीतकाराच्या एकाच सिंफनीची पंधरा-वीस वेगवेगळी रेकॉर्डिंग्ज आहेत. सुरुवातीला मला हा प्रकार अजब वाटला. स्वरलिपी तीच, वाद्यं तीच, मग वीस वेळा विकत कशाला घ्यायचं? त्याने मला एक उदाहरण दिलं. माहलर १९११ साली गेले. त्यांची नववी सिंफनी त्यांच्या मृत्यूनंतर १९१२ मध्ये व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली, आणि ती सादर केली त्यांचे तरुण सहकारी ब्रूनो वॉल्टर यांनी. याच वॉल्टरनी जानेवारी १९३८ मध्ये व्हिएन्नात ती पुन्हा वाजवली, तेव्हा तिचं रेकॉर्डिंग झालं. त्यानंतर दोनच महिन्यांत हिटलरने ऑस्ट्रिया घेतला आणि ज्यू असलेल्या वॉल्टरना तो देश दुरावला. पुढे १९६१ मध्ये, अमेरिकेत, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांनी तीच सिंफनी परत रेकॉर्ड केली. पहिलं रेकॉर्डिंग सुमारे ७० मिनिटांचं आहे, दुसरं ८० च्या आसपास जातं. माणूस तोच, कागदावरचे स्वर तेच, पण दहा मिनिटांचा फरक! या दहा मिनिटांत काय भरलं असेल, यावर तिकडचे रसिक तासन्‌तास बोलू शकतात.

ते ऐकता ऐकता माझ्या डोक्यात खांसाहेबांच्या रेकॉर्ड्स आल्या. आणि एक योगायोग सापडला. माहलर यांनी स्वतः पियानोवर वाजवलेलं संगीतही एकाच प्रकारे उरलं आहे. छिद्रं पाडलेल्या कागदाच्या गुंडाळीवर. ती गुंडाळी खास पियानोत घातली की पियानो आपोआप वाजतो (आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना पंच कार्डची आठवण यावी असंच!). त्या गुंडाळ्या १९०५ च्या नोव्हेंबरमधल्या. म्हणजे लाइपझिगमध्ये माहलर कागदावर उतरत होते, त्याच सुमारास आपल्याकडे अब्दुल करीम खां मेणाच्या तबकडीवर उतरत होते. असो. आता मूळ कथेकडे वळू.

किराणा ते बडोदा

उत्तर प्रदेशात, पूर्वीच्या मुझफ्फरनगर आणि आताच्या शामली जिल्ह्यात, कैराना नावाचं गाव आहे. बोलीत किराणा. तिथल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या कुटुंबात ११ नोव्हेंबर १८७२ रोजी अब्दुल करीम यांचा जन्म झाला. वडील काळे खां आणि चुलते अब्दुल्ला खां यांच्याकडे तालीम झाली. घर मुळात सारंगियांचं आणि बीनकारांचं. त्यामुळे गाण्याबरोबर वाद्यंही हातात आली. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. सारंगी आणि बीन ही दोन्ही स्वर ओढून, लांबवून, एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाणारी वाद्यं. किराणा घराण्याची गायकी स्वरप्रधान आहे असं आपण ऐकतो, त्याचं मूळ इथे असावं.

तरुण वयात भावाला, अब्दुल हक यांना, बरोबर घेऊन ते संस्थानांच्या दौऱ्यावर निघाले. त्या काळी गवयाची नोकरी म्हणजे दरबार. १८९४ च्या सुमारास ते बडोद्याला पोचले आणि सयाजीराव गायकवाडांच्या दरबारी रुजू झाले. पगार चालू झाला, मान मिळाला. आपल्या भाषेत सांगायचं तर चांगल्या कंपनीत परमनंट झाले!

पण बडोद्यात त्यांची भेट ताराबाई माने यांच्याशी झाली. ताराबाई या सरदार मारुतीराव माने यांच्या कन्या. राजघराण्याशी नातं असलेलं मराठा घर. ताराबाईंना गाण्याची आवड, आणि खांसाहेब गाणं शिकवायला येत. दोघांनी एकमेकांबरोबर राहायचं ठरवलं. शे-सव्वाशे वर्षांपूर्वीचा काळ, सरदार घराण्यातली मुलगी आणि परप्रांतातला मुसलमान गवई. काय गहजब झाला असेल याची कल्पना तुम्हीच करा. दोघांना बडोदा सोडावं लागलं. दरबाराची नोकरी गेली. १८९० च्या दशकाच्या अखेरीस ते मुंबईला आले.

मिरज

मुंबईनंतर मिरज. मिरज हे तेव्हाही गाण्याचं गाव होतं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तिथे राहून गेले होते, विष्णू दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे मिरजेलाच शिकले. सतार-तानपुरे बनवणाऱ्या कारागिरांची परंपरा होती. (मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालं.) आणि मिरज हे रेल्वेचं जंक्शन. पुण्या-मुंबईकडे, कोल्हापूरकडे आणि खाली धारवाड-बंगळूरकडे जायला सोयीचं. ज्याचा धंदाच फिरतीचा, त्याला असं गाव सोन्यासारखं.

पण मिरजेत त्यांचा जीव गुंतला तो दुसऱ्याच कारणाने, असं सांगतात. त्या वर्षांत प्लेगने धुमाकूळ घातला होता. खांसाहेबांनाही त्याची बाधा झाली आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात गाऊन त्यांनी दुवा मागितली. ते बरे झाले आणि त्यानंतर दर वर्षी उरुसात गायला बसू लागले. आज तिथे जी संगीतसभा भरते तिची सुरुवात ही अशी.

संसार वाढला. सुरेश ऊर्फ अब्दुल रहमान, कृष्णा, चंपाकली, गुलाब आणि सकीना अशी पाच मुलं. पैकी चंपाकलीचा जन्म १९०५ मध्ये मिरजेचा. हे वर्षही लक्षात ठेवा, कारण त्याच सुमारास त्यांचं पहिलं रेकॉर्डिंग झालं.

पहिलं रेकॉर्डिंग

भारतात ग्रामोफोनसाठी गाणं पहिल्यांदा रेकॉर्ड झालं ते नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्याला. गौहरजान यांच्या रेकॉर्ड्स त्या वेळच्या. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीने अब्दुल करीम खां यांच्या तबकड्या काढल्या. तेव्हा भारतात रेकॉर्डचा कारखानासुद्धा नव्हता. इथे रेकॉर्ड करायचं, मेणाच्या तबकड्या जहाजाने जर्मनीला हानोव्हरला पाठवायच्या आणि तिथून छापून आलेला माल इथे विकायचा. कलकत्त्याचा कारखाना १९०८ चा.

या तबकड्या मायक्रोफोनवर केलेल्या नाहीत. मायक्रोफोन वापरून रेकॉर्डिंग सुरू झालं १९२५ मध्ये. त्याआधी गायक एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचा. आवाजाच्या कंपनांनी कर्ण्याच्या दुसऱ्या टोकाचा पडदा हलायचा आणि त्याला जोडलेली सुई मेणावर रेघ कोरायची. बस! वीज नाही, व्हॉल्यूमचं बटण नाही. हळू गायलं तर काहीच कोरलं जाणार नाही. तानपुरा तर जवळजवळ ऐकूच येत नाही. आणि वेळ मोजकी, तीनेक मिनिटं. तासभर राग मांडणाऱ्या माणसाने तीन मिनिटांत काय करायचं?

आज या रेकॉर्ड्स ऐकल्या तर खरखरीच्या मागून एक जोरकस, घाईचा, तानांनी भरलेला आवाज येतो. तरुण गवई आहे, आपल्याकडे काय काय आहे ते दाखवायची त्याला हौस आहे. स्वरावर रेंगाळणं फारसं नाही. किराणा गायकी म्हणून आपण जी ओळखतो ती शांत, एकेक स्वर उलगडत जाणारी बढत इथे शोधायला गेलात तर निराश व्हाल.

शाळा, श्रुती आणि टिपू मियां

१९१३ मध्ये खांसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. मुसलमान उस्तादाच्या शाळेचं नाव आर्य, यात तेव्हा कोणाला वावगं वाटलं नाही! पुढे मुंबईत शाखा निघाली आणि नंतर विद्यालय मिरजेला आलं. गरीब मुलं तिथेच राहायची, जेवायची आणि शिकायची. खर्च भागवण्यासाठी खांसाहेब आणि त्यांचे विद्यार्थी तिकीट लावून जलसे करायचे. या जलशांमध्ये त्यांचा कुत्रा टिपू मियां सुरात सूर मिळवायचा, अशी कथा जुन्या लोकांकडून ऐकायला मिळते. पुण्यात तिकिटं खपवायची तर काहीतरी वेगळं करावंच लागतं, हे शंभर वर्षांपूर्वीही खरं होतं म्हणायचं!

याच काळातलं दुसरं काम आम्हा इंजिनिअर मंडळींना भावेल असं आहे. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल आणि आयसीएस न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स हे दोघे आपल्या संगीतातल्या २२ श्रुती मोजायच्या मागे लागले होते. तारेची लांबी मोजून कुठला स्वर नक्की कुठे लागतो हे आकड्यांत मांडायचं. पण मोजायचं तर आधी कोणीतरी तो स्वर न चुकता, पुन्हा पुन्हा, तसाच लावला पाहिजे. तो माणूस म्हणजे अब्दुल करीम खां. त्या काळचं हे टेस्टिंग म्हणा हवं तर. या मोजमापांवरून खास श्रुतींची हार्मोनियमही बनवली गेली. बडोद्याच्या १९१६ च्या संगीत परिषदेत या विषयावर बरीच खडाजंगी झाली, कारण भातखंडे यांना हे श्रुतीगणित मान्य नव्हतं. कोण बरोबर हा वाद आजही संपलेला नाही. पण स्वराच्या अचूकतेची पट्टी म्हणून लोक एका माणसाच्या गळ्याकडे बघत होते, हे विसरण्यासारखं नाही.

तिसरी गोष्ट दक्षिणेची. म्हैसूरच्या दरबारात त्यांचं जाणं-येणं होतं. वाटेत धारवाडला मुक्काम असायचा. तिथेच कुंदगोळचा रामभाऊ त्यांच्याकडे शिकायला लागला. पुढे हे रामभाऊ कुंदगोळकर म्हणजेच सवाई गंधर्व झाले. म्हैसूरमध्ये खांसाहेबांनी कर्नाटक संगीत नुसतं ऐकलं नाही, ते त्यातलं शिकले. सरगमचा सढळ वापर तिकडून आला, असं जाणकार मानतात. त्यागराजांच्या कृतीची त्यांची रेकॉर्डसुद्धा आहे. उत्तर भारतीय उस्तादाने तेलुगू कृती गाऊन रेकॉर्ड काढणं ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

घर मोडलं

१९२२ मध्ये ताराबाई मुलांना घेऊन खांसाहेबांपासून वेगळ्या झाल्या. वीस-पंचवीस वर्षांचा संसार. ज्याच्यासाठी त्यांनी माहेर, मान, पैसा सगळं सोडलं होतं, त्याचं घर त्यांनी सोडलं. दोन माणसांमध्ये काय बिनसलं हे बाहेरच्यांनी ठरवू नये. पण पुढे जे झालं ते सगळ्यांसमोर आहे. मुलांची नावं बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले. कृष्णाचे कृष्णराव माने. चंपाकलीची हिराबाई बडोदेकर झाली, गुलाबची कमलाबाई बडोदेकर, आणि सकीना पुढे सरस्वती राणे म्हणून प्रसिद्ध झाली. पाचही मुलांच्या नावात वडिलांचं नाव कुठेच उरलं नाही.

यात एक गोष्ट मला फार लागते. हिराबाईंनी आडनाव म्हणून लावलं ते बडोद्याचं, म्हणजे आईच्या गावाचं. वडिलांच्या गावाचं नाव, किराणा, हे मात्र घराण्याचं नाव म्हणून त्यांच्या गाण्याला चिकटलं. ते काढून टाकता येणार नव्हतं.

खांसाहेबांनी पुढे शिष्या बानूबाई लाटकर यांच्याशी लग्न केलं. त्या सरस्वतीबाई मिरजकर म्हणून ओळखल्या जातात, त्यांच्याही रेकॉर्ड्स आहेत. शिकवणं चालू होतं. नात्यातली रोशनआरा बेगम त्यांच्याकडे शिकली, ती फाळणीनंतर पाकिस्तानात गेली आणि तिथली मोठी गायिका झाली.

दुसरं रेकॉर्डिंग

१९३४ ते १९३६ मध्ये ओडियन या लेबलसाठी त्यांनी पुन्हा रेकॉर्डिंग केलं. आता मायक्रोफोन होता. पण वेळ तीच, तीन-साडेतीन मिनिटं. झिंझोटीतली ठुमरी, भैरवीतली ठुमरी, बसंत, शुद्ध कल्याण, ललत, मालकंस, गुजरी तोडी, आभोगी असे कितीतरी राग. मराठी नाट्यपदंही आहेत. ‘मानापमान’मधलं ‘चंद्रिका ही जणू’ त्यांच्या आवाजात आहे. कैरानाचा माणूस मराठी रंगभूमीवरचं पद गातो, तेव्हा त्या गाण्यात परकेपणा कुठे शोधून सापडत नाही.

आता १९०५ ची एक तबकडी लावा आणि लगेच ओडियनची झिंझोटी लावा. पहिल्या क्षणी वाटेल की हा वेगळाच माणूस आहे. आवाज बारीक, टोकदार, आश्चर्य वाटावं इतक्या उंच पट्टीतला. घाई पूर्ण गेलेली. तीनच मिनिटं हातात आहेत, तरी एका स्वरावर येऊन थांबायला या माणसाकडे वेळ आहे. तान येते, पण दाखवायला नाही, वाटेत लागली म्हणून येते. वेळ तेवढीच, पण तीस वर्षांत त्यांनी त्यातलं बरंचसं काढून टाकलं. वॉल्टरची सिंफनी म्हातारपणी दहा मिनिटांनी लांबली. खांसाहेबांना तबकडी लांबवता येत नव्हती, तर त्यांनी आतल्या आत जागा केली.

हा बदल कशामुळे? पुष्कळ लोक झटकन उत्तर देतात, ताराबाई गेल्या, त्याचं दुःख आवाजात उतरलं. ऐकायला छान वाटतं. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. पण आपण जरा डेटा बघू या. दोन रेकॉर्डिंग्जमध्ये तीसेक वर्षं आहेत आणि त्या काळात एकच गोष्ट बदललेली नाही. वय वाढलं. कर्णा जाऊन मायक्रोफोन आला, त्यामुळे हळू लावलेला स्वर पहिल्यांदाच पकडता आला. कदाचित १९०५ मध्येही ते बैठकीत असेच हळुवार गात असतील, पण कर्ण्याला ते ऐकूच गेलं नसेल! शिवाय म्हैसूरचा प्रभाव, शेकडो तास केलेलं श्रुतीचं काम, शिकवता शिकवता आलेला संयम. इतकी कारणं असताना एकाच कारणावर बोट ठेवणं म्हणजे लॉग न बघता बग शोधण्यासारखं आहे.

वेगाचाही प्रश्न आहे. जुन्या तबकड्या सगळ्या ७८ आरपीएमच्याच नसत. ८० वर रेकॉर्ड केलेली तबकडी ७८ वर लावली तर सूर जवळजवळ पाव स्वराने उतरतो. उलट केलं तर तेवढाच चढतो. यूट्यूबवर एकच रेकॉर्ड दोन-तीन वेगवेगळ्या पट्ट्यांमध्ये सापडते ती यामुळेच. त्यामुळे आवाज करुण आहे की नुसती तबकडी जोरात फिरते आहे, हे आधी तपासलेलं बरं. इतकं सगळं वजा केल्यावरही जे उरतं ते मात्र खांसाहेबांचंच आहे. तो ठहराव कुठल्याही मशीनने दिलेला नाही.

एक ठुमरी, तीन गळे

झिंझोटीतली ती ठुमरी आणखी दोघांच्या आवाजात आवर्जून ऐका. एक, कुंदनलाल सैगल. १९३५ च्या ‘देवदास’मध्ये त्यांनी ती गायली आहे. सैगलनी ती खांसाहेबांसारखी गायचा प्रयत्नच केलेला नाही. खालच्या पट्टीत, स्वतःशी बोलल्यासारखी गायली आहे. खांसाहेबांनी सैगलचं गाणं ऐकून शाबासकी दिली अशी आख्यायिका आहे.

दुसरे, पंडित भीमसेन जोशी. गदगमधल्या लहानग्या भीमसेनने खांसाहेबांची रेकॉर्ड ऐकली आणि असं गाणं शिकायचं म्हणून घर सोडलं, ही गोष्ट आपल्याला माहीत आहेच. खांसाहेबांकडे शिकण्याचा योग त्यांना आला नाही. ते शिकले सवाई गंधर्वांकडे. म्हणजे नात्याने नातू-शिष्य. भीमसेनजींच्या आवाजात ती ठुमरी भारदस्त होते. धार तीच, पण आवाजाला खर्जाचं वजन. त्यांच्याकडे एलपी होती, वेळ होता, त्यामुळे जे खांसाहेबांना तीन मिनिटांत सुचवून सोडावं लागलं ते भीमसेनजी सविस्तर मांडतात. १९५३ मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ त्यांनी पुण्यात जो महोत्सव सुरू केला तो आपला सवाई. म्हणजे तिथल्या मांडवात आपण जे ऐकतो त्याची एक वाट मिरजेच्या दर्ग्यातून येते.

मुलांच्या रेकॉर्ड्स

आता शेवटची तुलना, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. हिराबाईंची कुठलीही जुनी रेकॉर्ड लावा. हिराबाईंची मुख्य तालीम झाली ती घराण्यातलेच दुसरे थोर गवई अब्दुल वहीद खां यांच्याकडे. भाऊ सुरेशबाबूंकडूनही त्या शिकल्या. वडिलांचं घर सोडलं तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. पुढे तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या पहिल्या काही गायिकांपैकी त्या एक, आणि स्त्रियांनी रंगभूमीवर येणं लोकांना रुचत नव्हतं तेव्हा त्यांनी नाटकांत कामं केली. १९७० मध्ये पद्मभूषण. हे सगळं त्यांनी बडोदेकर या नावाने मिळवलं.

पण स्वर लावला की ऐका. षड्जावर येऊन थांबण्याची ती रीत. स्वर ठोकून न देता हळूच टेकवायचा, मग तो स्वतः उमलेपर्यंत वाट बघायची. वडिलांच्या ओडियनच्या रेकॉर्डनंतर लगेच ऐकलंत तर नाव वाचायची गरज पडत नाही. सुरेशबाबूंच्या थोड्याशा रेकॉर्ड्समध्ये हे आणखी स्पष्ट आहे. ते १९५३ मध्येच गेले, पण माणिक वर्मा आणि प्रभा अत्रे यांच्यासारख्या शिष्या घडवून गेले. धाकट्या सरस्वती राणे यांनी हिराबाईंबरोबर जुगलबंदी गायली, चित्रपटातही गाणी म्हटली.

घर मोडलं, नावं बदलली, कागदावरून बाप पुसला गेला. पण जे नाव न लावता पोचायचं ते पोचलं. हे कुठलंही चरित्र वाचून मला इतकं पटलं नव्हतं. तीन तबकड्या ओळीने ऐकल्यावर पटलं.

सिंगपेरुमाळकोइल

ऑक्टोबर १९३७. खांसाहेब दक्षिणेच्या दौऱ्यावर होते. मद्रासचे कार्यक्रम आटोपून पाँडिचेरीला श्रीअरविंदांच्या आश्रमात गायला निघाले होते. रेल्वेत छातीत दुखायला लागलं. सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्टेशनवर ते उतरले. प्लॅटफॉर्मवर बिछाना घालायला लावला, तानपुरा जुळवायला सांगितला, नमाज पढला आणि दरबारीचे स्वर लावत देह ठेवला, असं शिष्य सांगत आले. तारीख २७ ऑक्टोबर. पासष्टी पुरी व्हायला दोन आठवडे कमी.

जन्म कैरानाला, मृत्यू तमिळ मुलखातल्या स्टेशनवर. पण दफनासाठी त्यांना आणलं ते मिरजेला, मीरासाहेबांच्या आवारात. माणूस कुठला, हे शेवटी त्याने कुठे परत यायचं ठरवलं यावरून कळतं, असं मला वाटतं.

ज्यांना ऐकायचं आहे त्यांच्यासाठी क्रम देतो. सगळं इंटरनेटवर सहज मिळतं. १९०५ ची कुठलीही एक तबकडी. मग ओडियनची झिंझोटी. मग सैगल. मग भीमसेनजी. शेवटी हिराबाई, एखादी जुनी तीन मिनिटांची रेकॉर्ड. शुक्रवारी सकाळी अर्धा-पाऊण तास काढा. मोबाइलच्या स्पीकरवर नको, चांगल्या हेडफोनवर ऐका. खरखर पहिली दोन मिनिटं त्रास देते, मग कान आपोआप ती बाजूला करतो. मुलांनाही बरोबर बसवा, कंटाळली तर हिराबाईंपर्यंत थांबायला सांगा.

आणि पुढच्या सुट्टीत कोल्हापूर-सांगलीकडे जाणार असाल तर वाट वाकडी करून मिरजेला दर्ग्यात जाऊन या. उरूस असेल तर रात्र तिथेच काढा. तुम्हाला या रेकॉर्ड्समध्ये काय वेगळं ऐकू आलं ते मंडळाच्या पत्त्यावर जरूर कळवा. माझ्या कानाला न सापडलेलं बरंच काही त्यात असणार.